आईला विचारण्याचा वेडेपणा

दवाखान्यातल्या शहाण्या माणसाचा हिशेब सरळ असतो. मूल आजारी आहे, म्हणून मूल हा रुग्ण. त्याचं नाव नोंदवहीत, त्याचं हिमोग्लोबिन नोंदवहीत, त्यानं नेलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या नोंदवहीत. त्याला कडेवर घेऊन आलेली बाई ही ‘सोबत आलेली’. तिला ताप नाही, तिची तपासणी नाही, तिनं केसपेपर काढलेला नाही. जिचा केसपेपरच नाही तिच्याशी अर्धा तास बोलायचं, आणि ते कसं बोलायचं हे शिकवायला समुपदेशकांना आठवडाभर कामावरून उठवून वर्गात बसवायचं, याला शहाणा माणूस वेडेपणा म्हणतो. मी त्याच वेडेपणाची स्तुती करायला बसलो आहे. यवतमाळ जिल्ह्यात तो रुजावा आणि सोळाही तालुक्यांत पसरावा, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भाला असली वेडी माणसं नवी नाहीत. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गाव वेडं म्हणत असे, आणि म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते लपवलेलं नाही. ज्यांना वेडं म्हणायचं त्यांनाच गाव आई मानत असे आणि बापही, हेही त्याच ग्रंथात आहे. पुढे कित्येक शतकांनी त्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. अनोळखी माणसानं वेडा समजून हाकलून द्यावं असा वेष. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या करवल्या, ते शहाण्या माणसालाही समजण्यासारखं होतं. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा करवली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. रुग्णाला खाट होती, औषध होतं, डॉक्टर होता; त्याला घेऊन आलेल्या माणसाला फुटपाथ होता. बाबांना तो फुटपाथ दिसला. पुढे त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला कर्करुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबतच्यांसाठी धर्मशाळा चालवली. सोबत आलेल्याचीही गरज असते आणि ती रुग्णाच्या गरजेहून वेगळी धरावी लागते, हे मराठी मुलखाला कुठल्या विद्यापीठानं शिकवलेलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका माणसानं ते करून दाखवलं. पाठ टेकायला जागा त्यांनी दिली. मन टेकायला जागा देण्याचं काम अजून बाकी आहे आणि त्यासाठी माणसं शिकवून तयार करावी लागतात.

आता यवतमाळकडे येऊ. लहानपणी सुरू होणारा, जन्मभर पुरणारा आणि घरादाराला कामाला लावणारा आजार म्हटला की इथे पहिलं नाव निघतं सिकलसेलचं. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. मध्य भारतात तो असल्याचं शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. गोंड, कोलाम, परधान आणि बौद्ध समाजातल्या कित्येक घरांत तो आहे, आणि या जिल्ह्यात हे सगळे समाज मोठ्या संख्येनं आहेत. ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतील तिथे असह्य दुखतं. हाडात, पोटात, छातीत. कधी मेंदूत अडकल्या तर लकवा. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कायम कमी. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं.

आईच्या वाट्याला आलेला आजार त्या अर्ध्या पानात मावत नाही. बाळ सहा-आठ महिन्यांचं होतं आणि एके दिवशी त्याच्या हातापायांची बोटं सुजतात. कुणी म्हणतं मुरगळलं असेल, कुणी म्हणतं नजर लागली. मग तपासणी, मग निदान. त्या दिवसापासून फॉलिक ॲसिडची गोळी रोज, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर हायड्रॉक्सियुरियाचीही रोज. उन्हाळ्यात यवतमाळचा पारा चढतो तेव्हा तासातासाला पाणी पाजायचं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. हिवाळ्यात गार वारा लागू द्यायचा नाही, पावसात भिजू द्यायचं नाही. शाळेत गुरुजींना सांगून ठेवायचं की याला लघवीला सारखं जावं लागतं, अडवू नका. याला उन्हात उभं करू नका. ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, कारण या मुलांचा ताप बघता बघता जीवावर बेततो. आणि डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून पानथरी, म्हणजे प्लीहा, चाचपायची.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडं थांबायला हवं. सिकलसेल असलेल्या लहान मुलाच्या पानथरीत कधी कधी अचानक रक्त साठत जातं. पोट फुगतं, मूल पांढरंफटक पडतं आणि काही तासांत हातचं जाऊ शकतं. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय यंत्राचा नव्हता. पानथरी हाताला कशी लागते, वाढली तर किती खाली येते, हे त्यांनी आयांना शिकवलं आणि सांगितलं की वाढलेली वाटली तर लगेच निघा. या कारणानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आईच्या चार बोटांवर वैद्यकशास्त्रानं इतका भरवसा क्वचितच टाकला असेल. आज जगभर सिकलसेलच्या मुलांच्या आईबापांना हे शिकवलं जातं. उपचाराची इतकी मोठी जबाबदारी जिच्या हातावर आहे ती बाई रात्री झोपली का, दोन घास तिच्या पोटात गेले का, तिला स्वतःला काही होतंय का, हे विचारण्याचं काम मात्र कुणाच्याच नेमणुकीत लिहिलेलं नाही.

प्रवास वेगळाच. झरी-जामणीच्या किंवा केळापूरच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आधी रस्त्यापर्यंत चालत यायचं, मग मिळेल त्या वाहनानं पांढरकवडा, तिथून यवतमाळ. तिथेही भागलं नाही तर नागपूर, यवतमाळपासून सुमारे १५० किलोमीटर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सगळा विदर्भ नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो. ‘मेडिकलले न्या लागते’ हे वाक्य ऐकलं की घरात आधी पैशाची, मग म्हशीची आणि मग धाकट्या लेकराची सोय लावावी लागते. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, ही सरकारची चांगली गोष्ट. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून आईचंही अर्ध्यात भागतं. पण ही सवलत तिला बाई म्हणून मिळते. मुलाला सांभाळणारी म्हणून तिची नोंद तिकिटाच्या यंत्रातही नाही. दिवस कापूस वेचणीचे असतील तर बुडालेल्या मजुरीचा आकडा तिच्या तोंडपाठ असतो. तो तिला कुणी विचारत नाही.

मुलांच्या ओपीडीत कुठल्याही दिवशी ऐकू यावा असा एक संवाद आहे. डॉक्टर तपासून होतात, गोळ्या लिहून होतात, आणि समुपदेशक ताई आपुलकीनं विचारतात, “अन् ताई, तुमचं कसं काय?” उत्तर ठरलेलं: “माह्यं काय बाई, पोराले पाहा.” ताई हसून पुढचं नाव पुकारतात. त्यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना शिकवलं गेलं आहे ते रक्ततपासणीचा अर्थ सांगायला, सिकलसेलचं कार्ड समजावून द्यायला, या आजाराच्या वाहकानं वाहकाशी लग्न करू नये हे पटवायला. ‘माह्यं काय’ या दोन शब्दांनंतर दार बंद झालेलं नसतं, तिथे थोडं थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रशिक्षण हवं ते नेमकं इथे.

शहाण्या माणसांची हरकत मला समजते आणि ती खोटी नाही. ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असते, समुपदेशक एक, कधी तोही नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टं. एवढी तपासणी उरकायची तर बाईशी बोलत कोण बसणार? वेळ आणायचा कुठून?

वेळ आहे, आणि तो रक्तपिशवीच्या खाली बसलेला आहे. मुलाला रक्त चढवतात तेव्हा एक पिशवी जायला दोन ते चार तास लागतात. मूल बहुधा झोपतं. आई खाटेच्या कडेला बसून नळीतले थेंब मोजते. तिला कुठे जायचं नसतं, स्वयंपाक नसतो, सासू शेजारी नसते, म्हशीचं दूध काढायचं नसतं. तिच्या सगळ्या महिन्यात सलग मोकळे असलेले तेवढेच तास. समुपदेशकानं त्या वेळी वॉर्डात स्टूल ओढून बसायचं. नवी इमारत लागत नाही, नवी वेळ लागत नाही. स्टुलावर बसल्यावर पहिली दहा मिनिटं काय करायचं नाही, एवढं मात्र शिकून आलेलं असावं लागतं.

आणि हे शिकवता येतं. त्यासाठी पुरावा शोधत लांब जायला नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्य असलेल्यांना ओळखायचं आणि धीर द्यायचा, गावपातळीवरच्या समुपदेशकांनी पुढचं काम करायचं आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी त्याची रचना. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते. कार्यक्रमानंतर ते प्रमाण २७.२ टक्के झालं. हे २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं. ज्या मातीत ‘आपल्या लोकाईले असं बोलाची सवयच नाही’ म्हणून मान हलवली जाते, त्याच मातीतला हा निकाल. यवतमाळमध्येसुद्धा शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारनं १४ जिल्ह्यांसाठी आखलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. म्हणजे घरातल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला ‘झोप लागते का’ असं विचारण्याचा वेडेपणा या जिल्ह्यात सरकारी कागदावर येऊन गेलेला आहे. तोच प्रश्न दर महिन्याला रक्तासाठी मूल घेऊन येणाऱ्या बाईपर्यंत न्यायचा आहे, एवढंच.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं याच रस्त्यानं स्वमग्न मुलांच्या घरांपर्यंत वाट काढली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या ६५ मुलांच्या कुटुंबांसोबत केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. घरी जाणारे लोक तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते, आणि ते काम करत होते आईबापांबरोबर. जागतिक आरोग्य संघटनेनं वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या कार्यक्रमात ९ गटबैठका आणि ३ गृहभेटी आहेत आणि पालकाचं स्वतःचं स्वास्थ्य हा त्यातला नेमून दिलेला विषय आहे. अमेरिकेत कर्करोग झालेल्या मुलांच्या आयांसाठी ‘ब्राइट आयडियाज’ नावाची पद्धत निघाली. ८ बैठकांत आईला एकच गोष्ट शिकवायची: समोरच्या डोंगरातून आज उचलण्याजोगा एक दगड कोणता, तो कसा निवडायचा, उचलून पाहायचा आणि नाही जमलं तर दुसरा कसा घ्यायचा. २००५ साली ४३० आयांवरचा त्याचा अभ्यास छापला गेला आणि त्यांच्या मनावरचा भार हलका झाल्याचं दिसलं. नंतर तिथल्या रुग्णालयांतल्या समुपदेशकांना ही पद्धत शिकवण्याचे वर्ग निघाले. मुंबईचं ‘उम्मीद’ केंद्र २००१ पासून अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर काम करतं, आणि पालकांशी कसं बोलावं हे इतरांना शिकवण्याचं कामही त्यांनी आपलं मानलं आहे.

पण बाहेरची पोथी जशीच्या तशी आणून यवतमाळच्या वर्गात वाचली तर ती वाया जाईल. इथल्या समुपदेशकाला शिकायच्या गोष्टी इथल्या घरातून याव्या लागतील.

सगळ्यात आधी दोषाचं. सिकलसेल मुलाला येतो तो आई आणि बाप दोघेही वाहक असतात म्हणून. दोघे वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहक असण्याची, एक काहीच नसण्याची. गणित दोघांना सारखं लागू आहे. घरात मात्र ते बाईच्या नावावर जमा होतं. ‘आमच्या घरात नव्हतं, तुह्या माहेरून आलं’ हे वाक्य कित्येक बायकांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यांना ते निदानाचाच भाग वाटतं. समुपदेशक कार्ड हातात देताना ‘दोघेही वाहक आहेत’ हे एकदा सांगून मोकळा होतो. पण ते सांगावं लागतं नवऱ्यासमोर, सासूसमोर, आणि प्रत्येक खेपेला, त्यांच्याकडे बघून. कधी नवऱ्याला कागदावर स्वतःच्या हातानं या चार शक्यतांच्या चार चौकटी काढायला लावाव्या लागतात. एका चौकटीत स्वतःचं अक्षर लिहिताना माणूस गप्प होतो. हे सांगण्यात जाणारी चाळीस मिनिटं त्या बाईच्या पुढच्या दहा वर्षांसाठी कुठल्याही गोळीइतकी मोलाची आहेत असं मी मानतो, आणि ती नीट पार पाडणं हे शिकण्याचं कसब आहे. चुकीचं बोललं तर त्याच रात्री घरी भांडण होतं, आणि मार आईला बसतो.

मग काय बोलू नये याचं. ‘धीर धरा’, ‘देवावर सोडा’, ‘तुम्हीच असं केलं तर पोराचं कसं होईल’, ‘तुमच्यासारखी आई नशिबानं मिळते’. ही सगळी वाक्यं प्रेमानं बोलली जातात आणि प्रत्येक वाक्य आईला गप्प करतं. शेवटचं तर सगळ्यात जास्त. चांगली आई म्हणून एकदा शिक्का बसला की आपण काल पोरावर हात उचलला, हे ती कुणाला सांगणार? तिसऱ्या रात्री पोरगं कण्हत असताना मनात येतं की सुटलं एकदाचं तर बरं, हे ती कुणाजवळ बोलणार? असा विचार दीर्घ आजाराच्या घरात अनेक आयांच्या मनात येतो आणि आल्याबरोबर त्या स्वतःला पापी ठरवतात. समुपदेशकाला हे वाक्य ऐकून न दचकण्याचा सराव हवा. दचकायचं नाही, लगेच समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही. आणि तरीही ती थकली म्हणून बोलते आहे की खरोखर स्वतःचं किंवा मुलाचं काही बरंवाईट करण्याच्या बेतात आहे, हे तिथल्या तिथे ओळखायचं आणि दुसरं असेल तर तिला एकटी सोडायचं नाही. पुस्तक वाचून हे येत नाही. तिघा-तिघांनी बसून, एकानं आई व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक, तिसऱ्यानं बघायचं, आणि पुन्हा पुन्हा करायचं, तेव्हा कुठे जमू लागतं.

भाषेचं तर विचारूच नका. कोलाम घरात कोलामी बोलली जाते, गोंडांत गोंडी, पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा बोली. दवाखान्यातली मराठी बायांना समजते, पण दुःख त्या मराठीत सांगता येतं असं नाही. म्हणून माझ्या मते या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा अधिकार पोडावरच्या आणि तांड्यावरच्या आशाताईंचा आहे, आणि शक्य असेल तिथे ज्या आयांनी आपली मुलं वाढवून मोठी केली त्यांचा. दहा वर्षं पोराची पानथरी चाचपलेली बाई नव्या आईशेजारी बसली की अर्धं प्रशिक्षण तिथेच होतं. पदवीचा आग्रह धरणारे यालाही वेडेपणा म्हणतील. पदवी हवीच: या सगळ्यांच्या पाठीशी उभं राहायला, अवघड प्रसंग समजावून द्यायला, औषधाची गरज ओळखायला. पण जिल्हाभरच्या आयांना पुरतील एवढे मानसशास्त्रज्ञ आपल्याकडे नाहीत, आणि ते येईपर्यंत ही मुलं मोठी होऊन जातील.

दुसऱ्या भावंडाचा विषयही या वर्गात यायला हवा. आजारी मुलाला अंडं आणि थोरल्या बहिणीला वरण, असं गरीब घरात होतंच. ती बहीण पाचवीतच घर सांभाळू लागते. आईला हे दिसत असतं आणि आतून खात असतं. ‘तुमच्या मोठीचं कसं चाललंय?’ हा प्रश्न विचारला की पुष्कळदा तिथूनच आई बोलायला लागते, कारण आजाराबद्दल सांगून सांगून ती दमलेली असते आणि मोठीबद्दल तिला आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

इथवर मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं शहाण्या माणसालाही पटू शकेल. आई धडधाकट राहिली तर गोळ्या वेळेवर जातील, पाणी वेळेवर जाईल, मूल कमी वेळा भरती होईल, खाटा रिकाम्या राहतील. प्रस्तावात असंच लिहावं लागतं, त्याशिवाय पैसे मंजूर होत नाहीत. माझं म्हणणं त्यापलीकडचं आहे. समजा, आईशी बोलल्यानं मुलाच्या हिमोग्लोबिनमध्ये बिंदूभरही फरक पडला नाही. भरतीचे दिवस तेवढेच राहिले, दुखणं तेवढ्याच वेळा उठलं. तरीही आईला विचारायला हवं. ती मुलाच्या औषधपाण्याचं साधन म्हणून दवाखान्यात आलेली नाही. ती पंचवीस-तीस वर्षांची बाई आहे, तिला पाठीचं दुखणं आहे, तिला सहा महिन्यांत माहेरी जाता आलेलं नाही, पुढचं मूल होऊ द्यावं की नाही या प्रश्नानं तिची झोप उडाली आहे आणि गरोदरपणातच गर्भाची तपासणी होऊ शकते हेही तिला कुणी सांगितलेलं नाही. तिची काळजी घेण्याला तिचं असणं एवढं कारण पुरेसं आहे. दिव्यांग हक्क कायद्यानं २०१६ साली सिकलसेलला, थॅलेसेमियाला, हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, तेव्हा हक्क मुलाला मिळाला. आईच्या थकव्याची यादी अजून कुठे निघालेली नाही.

प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याचीही चिंता करायला हवी. सरकारी आरोग्य कार्यक्रमांत बरीच पदं ११ महिन्यांच्या कंत्राटावर असतात. शिकवून तयार केलेली समुपदेशक ताई आयांच्या ओळखीची होते, कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला कळू लागतं, आणि मग कंत्राट संपतं किंवा तिला दुसऱ्या कार्यक्रमात टाकतात. नव्या ताईसमोर बाईनं पुन्हा पहिल्यापासून सगळं उघडं करायचं, ही क्रूर गोष्ट आहे. शिवाय दिवसभर हे ऐकणाऱ्या ताईचं स्वतःचं मनही भरून येतं. तिला महिन्यातून दोनदा तरी कुणा अनुभवी माणसाजवळ बसून बोलता आलं पाहिजे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, नागपूर जवळ आहे. एवढी वडीलधारी संगत जिल्ह्याला मिळण्यासारखी आहे. ती प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून संपू देऊ नये.

आणि बाप. आतापर्यंत सगळं आईबद्दल झालं, कारण वॉर्डात ती दिसते. बाप दिसत नाही म्हणून तो नाही असं समजायचं कारण नाही. तो बहुधा गेटबाहेर असतो, पानठेल्यापाशी खर्रा घोटत, किंवा रक्तासाठी दाता मिळवायला फोन लावत, किंवा गावी वेचणीला, कारण दोघांनी मजुरी बुडवली तर परतीच्या भाड्याचे वांधे होतील. बाप काय करू शकतो हे विदर्भानं पाहिलेलं आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, सगळ्या मुलांसाठी सरकारदरबारी खेटे घातले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक बापाकडून तेवढ्या उंचीची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं टाकणं. साध्या बापाला काय होतंय ते विचारायचं तर समुपदेशकानं वॉर्डातून उठून गेटपर्यंत जायला शिकलं पाहिजे, आणि ‘तुम्हाला कसं वाटतं’ या प्रश्नानं सुरुवात करून चालणार नाही. इकडचा बाप त्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ‘आतापर्यंत खर्च किती झाला, दादा? कुणाकडून घेतले?’ असं विचारा. तो आकडा सांगेल, मग सावकाराचं नाव सांगेल, मग विकलेल्या बैलाचं सांगेल, आणि बैलावरून तो पोरावर येईल. त्या वेळी घाई न करता त्याच्याजवळ उभं राहणं हासुद्धा अभ्यासक्रमाचा धडा असावा, आणि तो शिकवायला पुरुष समुपदेशकही नेमावेत.